दात काढायची घाई नको, आधी हिरड्या बघू

वाचकाचं पत्र

माझं वय ४८. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, याला आता बरीच वर्षं झाली. दुखत काहीच नव्हतं म्हणून मनावर घेतलं नाही. आता तोंडाला वास येतो असं मुलगी तोंडावर सांगते, आणि खालचा पटाशीचा एक दात जिभेने ढकलला तरी हलतो. शुगर सहा वर्षांपासून आहे, मागच्या महिन्यात तीन महिन्यांची साखर ८.९ आली. मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. मध्यंतरी हिरडी सुजली तेव्हा मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. एका डॉक्टरांनी तोंडात बघून सांगितलं की खालचे पुढचे चार दात काढा आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले कृत्रिम दात, बसवा. जाऊबाई म्हणतात, क्लीनिंग तर मुळीच करू नकोस, माझे दात त्यानेच हलायला लागले. माझ्या आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले, त्यामुळे हे आमच्या रक्तातच आहे असं वाटतं. मशेरी सकाळी एकदाच लावते, त्याशिवाय पोट साफ होत नाही. मिस्टर रोज बिडीचं बंडल संपवतात आणि वर म्हणतात, माझ्या हिरड्यांतून थेंबभर रक्त येत नाही, तुझीच नाटकं. पायोरिया बरा होतो का? घरातल्या दुसऱ्यांना लागतो का?

— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

ते चार दात काढायला आज होकार देऊ नका. त्यातला एखादा शेवटी काढावा लागेलही, पण ते ठरवायची वेळ अजून आलेली नाही. हिरड्यांवर उपचार झाल्याशिवाय कुठला दात टिकेल आणि कुठला नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. आधी उपचार, मग दोन-तीन महिन्यांची वाट, मग पुन्हा मोजमाप आणि त्यानंतर निर्णय, असा याचा क्रम असतो. तुम्हाला शेवटची पायरी पहिल्यांदा सांगितली गेली आहे.

तुम्ही इतकी वर्षं थांबलात याबद्दल मी रागावणार नाही. हा आजार भल्याभल्यांना असाच फसवतो. किडलेली दाढ रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हजर असतो. हिरडीचा आजार मात्र न दुखता वर्षानुवर्षं आतलं हाड खात राहतो. रक्त येणं ही त्याची सुरुवातीची खूण, आणि ‘ब्रश कडक असेल’, ‘अंगात उष्णता वाढली असेल’ म्हणत आपण ती उडवून लावतो. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. व्हिटॅमिन सी कमी पडलं म्हणूनही सहसा येत नाही, तेव्हा लिंबू-आवळा जरूर खा, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

आत नेमकं काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचे सल्ले कशासाठी आहेत ते कळेल. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर रोज एक पांढरट, चिकट थर बसतो. नखाने खरवडलात तर नखावर येतो. हा जंतूंचा थर, डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. तो ब्रशने निघतो. निघाला नाही, तर लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून क्षार चढावा तसा तो टणक होऊन दाताला चिकटतो. हे झालं कीटण. ते मग कितीही घासलं तरी निघत नाही, आणि त्याच्या खरबरीत पाठीवर जंतूंना आणखी चांगली जागा मिळते. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं खालच्या पुढच्या दातांच्या मागेच उघडतात, म्हणून तिथे कीटण सगळ्यांत जास्त जमतं. आरशात हे दिसत नाही, कारण ते दातांच्या आतल्या बाजूला असतं. जिभेचं टोक खालच्या पटाशीच्या दातांमागे फिरवून बघा. खडबडीत पायरी लागली तर ती हीच.

या थराचा आणि रक्त येण्याचा संबंध किती थेट आहे, हे १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस इथे हाराल्ड लो या दंतवैद्यांनी दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिल्या टप्प्यातली सूज पूर्ण परतवता येते, तीही घरच्या घरी.

हीच सूज वर्षानुवर्षं राहिली, तर काहींच्या तोंडात दुसरा टप्पा सुरू होतो. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खोबण तयार होते. दवाखान्यात तुम्हाला ‘पॉकेट’ हा शब्द ऐकू येईल. ब्रशचा केस तिथवर पोचत नाही. आत जंतू, कीटण, कधी पू साचतो, तोंडाला वास येतो तो इथूनच. त्या जंतूंशी झगडताना शरीर स्वतःच दाताभोवतीचं हाड विरघळवत जातं, आणि आधार कमी झाला की दात हलायला लागतो. आपल्याकडे ज्याला पायोरिया म्हणतात तो हा टप्पा. गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत भरून येत नाही. उरलेलं हाड मात्र राखता येतं, आणि उरलेल्या निम्म्या आधारावरही दात पुढे कित्येक वर्षं चावायचं काम करतात.

तुमचा ‘रक्तातच आहे’ हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांच्या हिरड्या १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं पाहिल्या. या लोकांना दात घासायची सवयच नव्हती आणि दंतवैद्यही कधी मिळाला नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर होता, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही सुमारे ११ टक्के लोकांचा आजार त्या सुजेच्या पुढे गेलाच नाही. ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे दात संपले. उरलेले ८१ टक्के मधले. सारखीच अस्वच्छता, पण शिक्षा वेगवेगळी, आणि या फरकात आनुवंशिकतेचा वाटा नक्की असतो. तुमच्या आई त्या आठ टक्क्यांसारख्या असतीलही. पण त्यांना मशेरीची सवय होती का? साखर होती का? त्या पिढीत गावाकडे साखर तपासून घेत होतं कोण! शिवाय त्यांच्यावर उपचार झाले असण्याची शक्यता कमीच, दात हलला की काढायचा एवढाच तेव्हा उपाय होता. आईचे दात गेले याचा अर्थ तुम्ही इतरांपेक्षा जास्त जपायला हवं, एवढाच घ्या.

आता साखर. ८.९ हा आकडा वाचला तेव्हा निम्मं पत्र उलगडलं. साखर ताब्यात नसली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, सूज लवकर ओसरत नाही, जखम उशिरा भरते. ताबा सुटलेल्या मधुमेहात हिरड्यांच्या या आजाराचा धोका साधारण तिप्पट धरला जातो. २०१८ साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर मधुमेही रुग्णाची तीन महिन्यांची साखर ७ किंवा त्याहून वर असेल, तर त्याचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात टाकतात. याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. हिरड्यांतली सूज रक्तात उतरते आणि इन्सुलिनचं काम अवघड करते, म्हणजे हिरड्यांमुळेही साखर वाढते. हिरड्यांची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी ही तीन महिन्यांची साखर सुमारे ०.४ ने, म्हणजे ८.९ असेल तर ८.५ च्या आसपास, उतरते, असं आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो. औषधाची जागा घेण्याइतकं हे नाही, पण फुकट मिळालेलं का सोडा? तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना या महिन्यातच भेटा आणि हिरड्यांवर उपचार सुरू करतेय हे त्यांना सांगा.

त्यांना आणखी एक विचारा. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात. पुढच्या दातांच्या मधल्या हिरड्या फुगीर, गाठीसारख्या दिसत असतील तर त्यात या गोळीचाही हात असू शकतो. सगळ्यांना होत नाही, आणि दात स्वच्छ असतील तर होण्याची शक्यता कमी होते. माझं वाचून गोळी बंद मात्र करू नका. बीपीची गोळी बदलायची की नाही हे ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही फक्त प्रश्न त्यांच्या टेबलावर ठेवा.

मशेरीबद्दल तुम्ही ‘सकाळी एकदाच’ असं लिहिलंत, जणू ती दात घासायची पावडरच आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू तो तंबाखूच. भाजल्याने त्यातलं निकोटिन जात नाही. म्हणून तर ती चुकली की डोकं चढतं आणि दिवस सुरू होत नाही. पोटाचा अनुभव तुम्ही खोटा सांगत नाही आहात, निकोटिनने आतड्याची हालचाल वाढू शकते. पण त्यासाठी हिरड्या का द्यायच्या? उठल्यावर पेलाभर कोमट पाणी, जेवणात भाकरीसोबत पालेभाजी, आणि तरी अडलं तर डॉक्टरांकडून इसबगोलसारखं काही. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, पोट रुसेल, मग शरीर जुळवून घेतं. एकटीने जमत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६. आणि जिथे बोट फिरवता तिथे, गालाच्या आत किंवा हिरडीवर, पांढरा चट्टा, लाल डाग किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर हिरड्यांची बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवून ती आधी दाखवा. कॅन्सर लवकर सापडला तर उपचार सोपे असतात.

जाऊबाईंचं म्हणणं मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकलं आहे, आणि ते कुठून येतं तेही सांगता येतं. कीटणाचा जाड थर हलणाऱ्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की दात मुळात किती सैल होते ते उघड होतं. सुजलेली हिरडी ओसरून खाली बसते, मग दात लांब दिसतात आणि कीटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. उघडी पडलेली मुळं गार पाण्याने सळसळतात. बिचाऱ्या बाईला वाटणारच की डॉक्टरने दात बिघडवले. प्रत्यक्षात हाड आधीच गेलेलं होतं, सफाईने ते फक्त दिसलं. सूज गेल्यावर बरेचसे दात काही आठवड्यांत आधीपेक्षा घट्ट होतात. यात दोष द्यायचाच तर ‘फटी पडतील, महिनाभर गार लागेल’ हे सफाईच्या आधी न सांगणाऱ्या आम्हा लोकांना द्या. शिवाय जाऊबाईंचं काम पूर्ण झालं होतं का, हाही प्रश्न आहे. वरवरचं क्लीनिंग हिरडीच्या वरचं कीटण काढतं. तुम्हाला हिरडीखालची सफाई लागणार आहे, आणि ते वेगळं काम आहे.

मेडिकलमधल्या गोळ्यांचं उत्तर याच्यातच आहे. कीटणावरचे जंतू चिकट थराच्या आत दडून बसलेले असतात, गोळी तिथे पुरेशी पोचत नाही. वरची धग कमी होते, कीटण जागच्या जागी राहतं आणि पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा त्याच दुकानाच्या दारात. काही रुग्णांना सफाईच्या जोडीला अ‍ॅंटिबायोटिक द्यावं लागतं, पण ते कोणाला, कुठलं आणि किती दिवस हे तपासणी करणाऱ्याने सांगावं. नुसत्या गोळ्यांवर पायोरिया बरा झालेला मी तरी पाहिलेला नाही.

आता जायचं कुठे? तुमच्या तालुक्यातून कराड आणि सांगली दोन्ही हाताशी आहेत, आणि दोन्हीकडे डेंटल कॉलेज आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो, दारावर ‘पेरिओडॉन्टॉलॉजी’ अशी पाटी शोधा. हाच प्रश्न असलेल्या दुसऱ्या वाचकांसाठी सांगते, मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हे उपचार खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. वेळ जास्त जातो, विद्यार्थी हात लावतात, पण वर शिक्षक उभे असतात. खाजगीत जायचं तर हिरड्यांमध्ये एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी, केलेले डॉक्टर बघा.

डॉक्टर चांगले की नाही हे ओळखायची माझी एक खूण आहे: ते मोजतात का? मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये अलगद सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली घेतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चारपासून पुढे काळजी, सहा किंवा जास्त म्हणजे आजार खोल गेला आहे. सोबत एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते पाहतात. तुमच्या पत्रात मोजल्याचाही उल्लेख नाही आणि एक्स-रेचाही नाही, फक्त ‘तोंडात बघून सांगितलं’ एवढं आहे. चार दातांचा निकाल असा लागत नाही. त्यातून इम्प्लांट म्हणजे पायोरियातून सुटका, असंही समजू नका. इम्प्लांटभोवतीचं हाडही याच जंतूंनी झिजतं, आणि साखर ८.९ असताना, तोंडात हिरड्यांचा आजार चालू असताना ते बसवणं म्हणजे पैसे धोक्यात घालणं. दात किंचित मागेपुढे हलत असेल तर तो बहुधा वाचवण्यासारखा असतो. वर-खालीही दबत असेल आणि एक्स-रेत मुळाच्या टोकापर्यंतचं हाड गेलेलं दिसत असेल, तर मात्र तो काढणंच शहाणपणाचं. तेव्हा हट्ट करू नका.

उपचार असा असतो: सुन्न करायचं इंजेक्शन देऊन, दोन किंवा चार खेपांत, हिरडीखालचं कीटण यंत्राने आणि हाताच्या हत्यारांनी काढतात आणि मुळं स्वच्छ करतात. दुखत नाही, नंतर दोन दिवस ठणका राहू शकतो. फार हलणारे दात बारीक तारेने किंवा फायबरच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधून ठेवतात, म्हणजे चावताना त्यांच्यावर एकट्यावर जोर येत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच सहा आकडे. बहुतेक ठिकाणी खोली कमी झालेली असते. काही ठिकाणी उरलीच, तर तिथली हिरडी उघडून आतून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया करतात, काही खड्ड्यांत हाडाची पूड भरता येते. त्या नावाने घाबरू नका, तासा-दीड तासाचं काम असतं आणि तुम्ही त्याच दिवशी घरी येता. मात्र तोवर साखर उतरलेली असली पाहिजे आणि मशेरी सुटलेली, नाहीतर हात घालण्यात अर्थ नाही.

‘बरा होतो का’ याचं सरळ उत्तर: आटोक्यात येतो, थांबतो, पण पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्यासाठी दर तीन महिन्यांनी दाखवून सफाई करून घ्यावी लागते. एकदा क्लीनिंग केलं आणि पाच वर्षं फिरकलोच नाही, असं या आजारात चालत नाही. उपचार सोडून देणारे लोक याच ठिकाणी सोडतात. रक्त थांबलं, वास गेला, आता कशाला जायचं म्हणून.

घरी काय करायचं ते मोजकंच आहे. मऊ ब्रश घ्या, त्याचे केस दात आणि हिरडी यांच्या कडेवर तिरपे टेकवा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. आतली बाजू विसरू नका, विशेषतः खालच्या पटाशीच्या दातांमागची. दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री, आणि एखाद वेळ चुकलीच तर सकाळची चुकवा, रात्रीची नको. जिथून रक्त येतं तिथे घासायचं टाळतो आपण. उलट तिथेच हळुवार, नीट घासायचं. आठ-दहा दिवसांत रक्त कमी झालं नाही तर समजायचं, खाली कीटण आहे. फटींसाठी बाटलीच्या ब्रशच्या आकाराचे छोटे ब्रश मिळतात, कॉलेजमध्ये तुमच्या फटींच्या मापाचे निवडून घ्या. फटींतून फिरवायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) तुम्हाला ते सोयीचे पडतील. बांगडीतली सेफ्टी पिन काढून दात कोरायची सवय असेल तर आजपासून बंद. लाल मंजन, राख, विटेची पूड यांनी दात झिजतात, हिरडीखालचं काही निघत नाही. बाभळीचं किंवा कडुनिंबाचं दातण करणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण दातांच्या फटीत आणि मागच्या बाजूला ते पोचत नाही.

मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरायला हरकत नाही, सुजेला आराम पडतो. तुम्हाला बीपी आहे, तेव्हा ते गिळू नका. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर सांगितलेले दिवस, बहुधा दोन आठवडे, वापरा आणि थांबा. जास्त दिवसांत दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. पेस्टनंतर लगेच ते वापरू नका, अर्धा तास मध्ये जाऊ द्या. तुरटी, हळद, लवंगेचं तेल, तोंडात तेल धरून बसणं, यांतलं काहीही टणक कीटण विरघळवत नाही.

हिरडीला गळू येऊन ताप आला, गाल किंवा हनुवटीखाली सूज चढली, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. मधुमेहात असं दुखणं पसरायला वेळ लावत नाही. आणि कोणालाही हिरड्यांतल्या रक्तासोबत अंगावर न लागता निळे डाग उठत असतील, तर आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. तिथे कारण हिरड्यांबाहेरचं असू शकतं.

राहिला घरातल्यांचा प्रश्न. लाळेतून हे जंतू एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ शकतात, पण जंतू गेले म्हणजे आजार झाला असं नाही. तुमच्या भांड्यातलं पाणी कोणी प्यायलं म्हणून पायोरिया होत नाही. ब्रश तेवढा प्रत्येकाचा वेगळा हवा. मुलीची मात्र एकदा तपासणी करून घ्या. आजी आणि आई दोघींचा इतिहास आहे, आणि लवकर सापडलं तर बहुधा थोडक्यात भागतं.

मिस्टरांना हे उत्तर वाचून दाखवा. बिडी-सिगारेटने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे आजार असला तरी रक्त येत नाही किंवा अगदी कमी येतं. ओढणाऱ्यांच्या हिरड्या वरून घट्ट, फिकट, नीटनेटक्या दिसतात आणि एक्स-रेत हाड अर्ध्यावर आलेलं सापडतं. त्यांच्या हिरड्या चांगल्या आहेत की नाही, हे रक्त न येण्यावरून कळणार नाही. त्यांच्याही दातांभोवतीचे आकडे घ्यावे लागतील.

तेव्हा दोघांचे केसपेपर एकाच दिवशी काढा. सकाळची वेळ धरा, नाश्ता आणि शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या घेऊनच निघा, उपाशीपोटी जाऊ नका. पिशवीत साखरेचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आधीच्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर तो कागद असू द्या. मिस्टरांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. आणि पहिल्या भेटीत घेतलेल्या आकड्यांच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तीन महिन्यांनी शेजारी ठेवून बघायला तो लागेल.